आधी वास, मग कांदा

मुलुंड,
११ सप्टेंबर १९५६

चि. सौ. कुंदास,

आशीर्वाद लिहिते आहे. ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव.

मुलुंड आणि भांडुप यांच्यात एका स्टेशनाचं अंतर, पण सहा वर्षांत माझं एक पत्र तिकडे आलं नाही. तुझंही इकडे आलं नाही, हेही लिहून ठेवते. बाळभाऊजी आणि हे दुपारचा डबा अजून एकत्र खातात, हे मला ठाऊक आहे. भांडण आपलं जावा-जावांचं, भावांनी ते अंगाला लावून घेतलं नाही. पुरुषांचं बरं असतं.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. मागच्या विहिरीचं पाणी यंदा गढूळ येतंय, एवढंच.

आता कामाचं. आपल्या नीलाला तीन वर्षांपासून फिट येतात. भाऊजी बोलले असतीलच. बोलले नसतील तर तुझ्यापाशीच ठेव. लग्नाच्या वयाच्या मुलीचं फेफरं कार्डावर लिहिण्यासारखं नसतं, म्हणून पाकीट पाठवते आहे आणि ते खळीने दोनदा चिकटवलं आहे. बोलता बोलता ती थांबते, डोळे एका जागी लागतात, ओठ चाटते, परकराचा काठ चिमटीत धरून चुरगाळत बसते. दोन-तीन मिनिटांनी भानावर येते आणि विचारते, "काय झालं?" कधी कधी मात्र सरळ खाली कोसळते. गोळ्या चालू आहेत, पण महिन्याला आठ-दहा वेळा होतंच. श्रावणात पेटत्या स्टोव्हवर पडली. कोपरापासून मनगटापर्यंत भाजली. मी तेव्हा दोन हात लांब होते, कुंदा. दोनच हात.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर आहेत. ते म्हणतात, फिट मेंदूच्या ज्या कोपऱ्यात सुरू होते तेवढा कोपरा काढून टाकता येतो. पण तो कोपरा आधी सापडला पाहिजे. "घरभर धूर झालाय बाई, मला चूल कुठे आहे ते दाखवा," असं म्हणाले. तिच्या डोक्याला तारा चिकटवून यंत्राने कागदावर रेघा काढल्या. त्या दोन्ही कानशिलांकडून वेड्यावाकड्या येतात. चूल उजवीकडे असली तर ते ऑपरेशन करतील. डावीकडे असली तर हात लावणार नाहीत, कारण तिथे माणसाची वाचा असते. आपल्या नीलाची जीभ तुला माहीत आहे. ती गेली तर पोरीचं उरलं काय?

त्यांनी मला विचारलं, लहानपणी तापात कधी झटके आले होते का, आणि नंतर एखादा हात लुळा पडला होता का. मी म्हटलं, आठवत नाही. ती दीड वर्षाची असताना तिला सणकून ताप आला होता, त्या दिवशी तू तिच्याजवळ होतीस. मी बाहेर गेले होते. तेव्हा एक काम कर. कार्डावर एकच शब्द लिहून टाक, डावा किंवा उजवा. पोस्टमनला काय कळायचंय.

तुझी थोरली जाऊ,
पद्मजा


मुलुंड,
२२ सप्टेंबर १९५६

चि. सौ. कुंदास,

कार्ड मिळालं. "डावा." एकच शब्द लिही म्हटलं तर खरंच एकच लिहिलास. वर श्री नाही, खाली सही नाही. ह्यांनी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "कुंदाचा राग अजून आहे तेवढाच आहे." मी म्हटलं, अक्षरही अजून आहे तेवढंच वाईट आहे.

कार्ड घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "कोणाचा डावा?" मला कळेना. मग ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझा डावा हात दाखवा बघू." मी शहाणी बाई, चटकन बोट केलं, ते त्यांच्या उजव्या हाताकडे. "बघा," ते म्हणाले, "समोरून पाहणाऱ्या माणसाचं असंच होतं. तुमच्या जाऊबाई मुलीच्या समोर होत्या की मागे, ते विचारा. ह्या एका शब्दावर मी मुलीचं डोकं उघडणार नाही."

म्हणून पुन्हा लिहिते आहे. आणि लिहायलाच बसले आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. "आठवत नाही" असं मी त्यांना सांगितलं ते खोटं होतं. तो दिवस मला चांगला आठवतो. कल्याणला माझ्या धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. पोर तापाने फणफणत होती आणि सासूबाई म्हणत होत्या, जाऊ नकोस. पण मला नवीन गर्भरेशमी नेसून मिरवायचं होतं. मी तुझ्या मांडीवर पोर टाकली आणि गेले. तू तेव्हा अठरा वर्षांची, घरात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. संध्याकाळी परत आले तेव्हा तू दारात तिला घेऊन उभी होतीस आणि रडत होतीस. तू सांगायला लागलीस, ते मी ऐकून घेतलं नाही. काहीतरी बोलून तुझं तोंड बंद केलं आणि वर बजावलं की हे सासूबाईंना कळता कामा नये. काय बोलले ते आता आठवत नाही. हे आठवत नाही मात्र खरं आहे.

पंधरा वर्षं तू ते कोणाला सांगितलं नाहीस. भांडण झालं तेव्हासुद्धा नाही. मी तुझ्या जागी असते तर पहिल्या झटक्यात काढलं असतं.

आठव. तुझ्या समोर होती की मांडीवर, कशी होती?

पद्मजा


मुलुंड,
३ ऑक्टोबर १९५६

चि. कुंदा,

या वेळी पानभर लिहिलंस. मी ते चार वेळा वाचलं. तुझी वाक्यं तुझ्याच शब्दांत डॉक्टरांना वाचून दाखवायची म्हणून इथे उतरवून पाहते, चुकलं असेल तर कळव.

"वहिनी, डावा की उजवा ते मी आता शपथेवर सांगू शकत नाही. कधी मांडीवर घेत होते, कधी खाली निजवत होते. अर्धा तास झटके चालले होते, एकाच बाजूला. पण दारात तुम्ही काय म्हणालात ते मला पाठ आहे. मी म्हटलं, हात उचलत नाही. तुम्ही म्हणालात, देवी टोचल्यात ना, दंड दुखत असेल, म्हणून टाकलाय हात. तेव्हा ज्या दंडावर देवी टोचल्या तोच तो हात. दंड बघा. तो तर तुमच्याच घरात आहे."

नीला न्हाऊन केस वाळवत मागच्या पायरीवर बसली होती. मी जाऊन तिच्या पोलक्याच्या बाह्या वर केल्या. ती म्हणाली, "आई, काय चाललंय तुझं? बाजारात वांगी बघतेस का?" उजवा दंड कोरा होता. डाव्यावर तीन व्रण, पै एवढे. मी तिथेच पायरीवर बसले.

तेव्हा देवीडॉक्टर आठच दिवस आधी येऊन टोचून गेला होता, म्हणून ताप, आणि ताप म्हणून झटके. लुळा हात बघून मी म्हटलं दंड दुखतोय. मला तेच बरं वाटत होतं, म्हणून तेच खरं मानलं. दोन दिवसांनी हात हलायला लागला आणि मी सुटले असं मला वाटलं. नीला मात्र सुटली नव्हती. हात डावा, म्हणजे मेंदूतली जागा उजवी, असं डॉक्टर म्हणतात. मी सांगत होते ते सगळं त्यांनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे वर पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण एवढ्यावर भागत नाही, आणखी तपासण्या आहेत असं म्हणाले.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, "तिला कांद्याचा वास अजून येतो का?"

त्याचं उत्तर आज लिहीत नाही.

पद्मजा


मुलुंड,
१४ नोव्हेंबर १९५६

प्रिय कुंदा,

दिवाळी झाली. चकल्या बिघडल्या. तू गेल्यापासून दरवर्षी बिघडतात, पण आजवर मी भाजणीला दोष देत आले.

येतो. तिला कांद्याचा वास अजून येतो.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस मी तिला विचारलंच नाही. मग एक दिवस भाजी निवडताना सहज विचारल्यासारखं केलं. ती म्हणाली, "येतो ना. कांदा करपल्यासारखा. पोटातून काहीतरी वर चढतं, मग वास, मग मला काही कळत नाही."

मी म्हटलं, "अगं, तो आम्ही फिट आली की नाकाशी धरतो त्या कांद्याचा असेल."

"आई, कांदा तुम्ही नंतर आणता. वास आधी येतो." आणि मग म्हणाली, "मी लहान होते तेव्हा पण यायचा. तेव्हा तर घरात कांदाच नव्हता. तू काकूला ओरडली होतीस बघ."

कुंदा, मला दिसतंय ते सगळं. सन पन्नासचा श्रावण, सोमवार, घरात चातुर्मास. सासूबाई सोवळ्यात, ओटीवर त्यांच्या माहेरची चार माणसं. नीला अकरा वर्षांची, ताटं मांडता मांडता थांबली आणि भर पंगतीत म्हणाली, "काकूनं कांदा करपवला." मग मला काय झालं देव जाणे. मी तुझे डबे उपसले. तुझी ट्रंक पाहुण्यांसमोर उघडली. तू म्हणत राहिलीस, मी कांद्याला शिवले नाही, आणि मी म्हटलं, "पोर कशाला खोटं बोलेल?" पोर खोटं बोलत नव्हती. तूही बोलत नव्हतीस. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. महिन्याभरात तुम्ही भांडुपला बिऱ्हाड केलंत आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की धाकटीला वेगळं व्हायचंच होतं. जन्मभर मी नाकाने कांदे सोलले आणि पोरीच्या नाकात काय चाललंय ते मला कळलं नाही.

घरात कांदा नव्हता हे त्या दिवशी नक्की ठाऊक असलेली तू एकटीच होतीस. म्हणून तुलाच हा प्रश्न सुचला.

हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पहिल्याच दिवशी वासाचं विचारलं होतं आणि मी ठसक्यात उत्तर दिलं होतं, "आम्ही कांदा हुंगवतो ना, त्याचाच." त्यांनी ते खोडून टाकलं होतं. आता म्हणाले, "बाई, हे मला तेव्हा हवं होतं." कानशिलाच्या आत, अगदी तळाशी वासाची जागा असते म्हणे. फिट तिथून उठत असेल तर वरच्या तारांना नीट कळत नाही. मग त्यांनी गालाच्या हाडाखालून एक बारीक तार आत घातली आणि औषध देऊन तिला निजवलं. झोपेत रेघा उजवीकडून आधी उठल्या, डावीकडच्या मागून. त्यानंतर पाठीतलं पाणी काढून तिथून हवा भरली आणि डोक्याचे फोटो घेतले. दोन दिवस पोर डोकं धरून ओकत होती. त्या फोटोत उजव्या कानशिलातला भाग आक्रसलेला दिसतो. देवीचा दंड, कांद्याचा वास, रेघा आणि फोटो, सगळं एकाच जागी येऊन भेटलं. जागा उजवी.

सव्वीस तारखेला ऑपरेशन आहे. डोकं पूर्ण भादरणार. तिला जागं ठेवूनच करणार, म्हणजे वाचा शाबूत आहे ना ते कळत राहील. धोका नाही असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ह्यांनी सही केली तेव्हा मधलं नाव गाळलं.

ये असं लिहिण्याचं तोंड मला नाही. खाली नीला लिहिते आहे.

*काकू, ये ना गं. आई रडायला लागली की मलाच तिला सांभाळायला लागतं, आणि त्या दिवशी मी बिझी असणार. येताना थर्मासात तुझा आल्याचा चहा आण, बाबांसाठी. तुझी टकली, नीला*


इस्पितळ,
२९ नोव्हेंबर १९५६

प्रिय कुंदा,

सहा तास तू माझ्याशेजारी बाकावर बसलीस आणि आपण दोघी बोललो ते फक्त थर्मासाच्या बुचाबद्दल. ते घट्ट बसत नाही हे खरं आहे, पण एवढं बोलण्यासारखं नव्हतं.

तू गेल्यावर नर्सबाईंनी सांगितलं. आत तिला बोलत ठेवायचं म्हणून डॉक्टरांनी पाढे म्हणायला लावले. एकोणतीसच्या पाढ्यात ते स्वतःच अडकले आणि हिने टेबलावर पडल्या पडल्या त्यांना दुरुस्त केलं. काल एक फिट आली. डॉक्टर म्हणाले, ही मोजायची नाही, मेंदू अजून दुखावलेला आहे. कोणती मोजायची आणि कोणती नाही, हे ते सांगतील. मी मोजतेच आहे.

तू ठेवून गेलीस तो लोकरीचा टोप तिने लगेच घातला. माप कसं कळलं तुला?

पद्मजा


मुलुंड,
८ जुलै १९५७

प्रिय कुंदा,

परवा कांदेनवमीला तू आलीस आणि भजी तळलीस. तू आत कढईपाशी होतीस, बाहेर काय झालं ते तुला ठाऊक नाही. तू दिवसभर हसतखेळत होतीस, म्हणून तेव्हा सांगितलं नाही.

नोव्हेंबरातली ती न मोजायची फिट सोडली तर साडेसात महिन्यांत एकही आलेली नाही. डॉक्टर म्हणतात, अजून बरी म्हणू नका, दोन वर्षं जाऊ देत, आणि गोळ्या चालूच ठेवा. थोडं उणं राहिलं आहे. कधी कधी चेहरा ओळखत नाही. परवा वाण्याला भलत्याच नावाने हाक मारली. वाचा जिथल्या तिथे आहे, ते तू ऐकलंसच.

तर तू आत, आणि मी ओटीवर पानं मांडत होते. हे वर्तमानपत्र वाचत होते. नीला पानांवर मीठ वाढत होती. मधेच ती थांबली, मान वर केली आणि म्हणाली, "आई, कांद्याचा वास येतोय. करपल्यासारखा."

ह्यांच्या हातातला पेपर खाली गेला. मी जिथे होते तिथेच राहिले. मी तिच्या ओठांकडे बघत होते, आता चाटेल म्हणून. मग बोटांकडे, आता परकराचा काठ चुरगाळेल म्हणून. तिची बोटं मिठाच्या वाटीत होती. मला वाटलं, वाट लागली. उघडलेलं डोकं, भादरलेले केस, तुझी पंधरा वर्षं, सगळं फुकट गेलं. मी मनात मोजायला लागले, एक, दोन, तीन. सातापर्यंत गेले असेन.

ती म्हणाली, "अशी काय बघतेस? काकूला सांग ना, भजी करपतायत."

आणि तेव्हा मला वास आला. ह्यांनाही आला. तोवर आम्हा दोघांना घरभर पसरलेला कांदा कळलाच नव्हता, कारण आम्ही तिच्याकडे बघत होतो. मी आत आले तेव्हा तू झाऱ्याने काळी भजी बाजूला काढत होतीस आणि म्हणालीस, "अहो वहिनी, पीठ कालवायच्या नादात घाण्याकडे दुर्लक्ष झालं, सॉरी हं." मी भांडी काढायच्या निमित्ताने फडताळात डोकं घातलं. तुला वाटलं मी रागावले. कुंदा, मी फडताळात रडत होते. ती करपलेली भजी मी कोणाच्या पानात वाढली नाहीत. मीच खाल्ली सगळी.

आता जे तोंडाने जमलं नाही ते लिहिते. त्या श्रावणात मी तुझ्यावर आळ घेतला तो खोटा होता. कल्याणच्या दिवशी चूक माझी होती आणि ती झाकायला मी तुला लावलं. तू दोन्ही सोसलंस आणि पोरीच्या वेळेला धावून आलीस. मी थोरली आहे, थोरलीने धाकटीच्या पाया पडायची रीत नाही, नाहीतर पडले असते. मला क्षमा कर. या ओळीखाली मी काही कारण लिहिणार नाही.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. नीला घेऊन येते आहे. सतरा वर्षं संपली तरी फिट सुरू झाल्यापासून ही मुलगी वाण्याकडेसुद्धा एकटी गेली नव्हती. कोणीतरी बरोबर, कोणाच्या तरी पिशवीत कांदा. आज एकटी निघाली आहे. स्टेशनपर्यंत सोडायला येऊ का म्हटलं तर म्हणाली, "आई, तू पण ना. एक तर स्टेशन आहे." मी फाटकापाशीच थांबणार आहे. चार दिवस तुझ्याकडे राहील. गोळ्या पिशवीत वरच आहेत, सकाळ-संध्याकाळच्या. पिशवीत कांदा घातलेला नाही.

आली की पाणी दे, आणि लगेच एक कार्ड टाक. एकच शब्द लिही, "पोचली." पोस्टमनला काय कळायचंय.

तुझी,
पद्मजा